काळी मोटार आणि कामठ्याचा रस्ता

"गुरुजी, पैसा माझा, कष्ट माझे, हौस माझी, मग लोकांच्या पोटांत कां दुखावें?"

गेल्या पोळ्याच्या दिवशीं कामठ्याच्या एका तरुण राईस मिलवाल्यानें मला हा प्रश्न विचारला. विचारतांना त्याच्या हातांत एका मोटारीचें चित्र होतें. मोटार काळी, इतकी काळी कीं तिच्या पाठीवर आभाळांतले ढग मोजावेत. बसकी, रुंद, दोनच माणसांची सोय असलेली, आणि जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत उंच. अशा मोटारीस 'स्पोर्ट्स कार' म्हणतात, आणि तिची किंमत मीं विचारली नाहीं, कारण आंकडा ऐकून चहा घशाखालीं उतरला नसता. हा तरुण एके काळीं माझा विद्यार्थी होता. तान्ह्या पोळ्यास सगळ्या पोरांहून मोठा लांकडी नंदी ह्याचाच असे, हें मला अद्याप आठवतें. त्याच्या आजोबांनीं पायलीनें धान मोजलें, बापानें गिरणी घातली, आणि ह्यानें ती दुपटीनें वाढविली. त्याचा पैसा चोरीचा नाहीं हें मला पक्कें ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याच्या प्रश्नास उडवाउडवीचें उत्तर देणें मला शोभलें नसतें. त्या दिवशीं मी कांहींच न बोलतां उठलों. पण प्रश्न पाठ सोडीना. हा लेख म्हणजे त्याला दिलेलें उत्तर होय. तें खाजगी पत्रानें न पाठवितां येथें छापावयास दिलें, याचें कारण इतकेंच कीं अशी मोटार, किंवा निदान तिची इच्छा, आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत शिरली आहे.

प्रथम त्याच्या पक्षाचें जेवढें खरें आहे तेवढें मान्य करून टाकतों. दुसऱ्याच्या हौसेची निंदा करणें हा आम्हां पांढरपेशांचा जुना धंदा आहे. कोणी चांगलें नेसलें, कोणी चांगलें खाल्लें, कीं लगेच साध्या राहणीचा जप सुरू होतो; आणि जप करणाऱ्याच्या घरीं डोकावून पाहावें तर कपाटांत सोनें, पुण्यास एक सदनिका, नागपुरास दुसरी, आणि मुलीच्या लग्नांत एका रात्रींत धुरासारखा उडालेला दहा वर्षांचा पगार! असल्या मनुष्यास मोटारीवर प्रवचन झोडण्याचा अधिकार कोणीं दिला? सोनें तिजोरींत निजून राहतें. मोटार निदान धांवते तरी. शिवाय तिच्यांतील कारागिरी खरी असते. दीड टन वजनाचें धूड चार सेकंदांत ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगास आणावयाचें, तेंच पुन्हा चाळीस मीटरांच्या आंत जागच्या जागीं उभें करावयाचें, आणि वळणावर त्याची पकड सुटूं द्यावयाची नाहीं, यांत गणित आहे, धातुशास्त्र आहे, आणि सौंदर्यदृष्टिहि आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली ती केवळ हिशेबाच्या वहीकडे पाहून काढली असेल असें मला वाटत नाहीं. पुढें २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मुंबईच्या दिलीप छाब्रियांनीं 'अवंती' नांवाची देशी स्पोर्ट्स कार मांडली. तिचा फारसा प्रसार झाला नाहीं ही गोष्ट वेगळी. पण ज्या देशांत अशी वस्तु पाहून पोरांचे डोळे चमकत नाहींत, त्या देशांत ती घडविणारे हातहि निपजत नाहींत. तेव्हां "गुरुजी जुन्या वळणाचे, त्यांना यंत्राचें वावडें" हा आक्षेप माझ्या विद्यार्थ्यानें मजवर घेऊं नये. ती मोटार सुंदर आहे. मीं तें चित्र दोनदां पाहिलें.

आतां रंगाविषयीं. काळा रंग म्हणजे रुबाब, ही समजूत आली कोठून? हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही गोरगरिबांची मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत निघत असे. म्हणजे मोटारींच्या बालपणीं काळा हा सर्वसामान्यांचा रंग होता. मुंबईच्या टॅक्सींनीं तो पिवळ्या टपासह अंगीं लाविला. आणि आमच्या पूर्व विदर्भांत 'काळी-पिवळी' म्हटलें म्हणजे काय, हें एस. टी. चुकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे: दहा जणांच्या जागेंत सोळा जण, टपावर पोतीं, आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे! तोच काळा रंग पिवळा सोडून एकटा निघाला कीं एकदम खानदानी कसा होतो, हें कोडें मला उलगडलेलें नाहीं. आणखी एक गोष्ट मनांत येते. आमचे पूर्वज गांवाचे दोन भाग करीत: वस्ती ती 'पांढरी' आणि शेतजमीन ती 'काळी'. पिढ्यान् पिढ्या मनुष्याची ऐपत त्याच्या काळीवरून ठरे. हल्लीं रस्त्यालगतच्या जमिनीस भाव आला कीं ती काळी विकून ही काळी घेणारे महाभाग ठिकठिकाणीं दिसूं लागले आहेत. माझा विद्यार्थी त्यांतला नव्हे; त्यानें जमीन विकलेली नाहीं. पण हें वाचणाऱ्यांपैकीं कोणी असल्यास त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं पहिली काळी दर पावसाळ्यास नवी होते आणि दुसरी दर पावसाळ्यास जुनी.

ऊन, धूळ आणि गतिरोधक यांचें पुराण मी थोडक्यांतच आटोपतों, कारण तें प्रत्येक जाणता मनुष्य सांगेल. वैशाखांत आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. त्या उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या पत्र्यावर भाकरी नाहीं तरी पापड खास भाजेल. काळ्यावर धूळ जितकी दिसते तितकी ती दुसऱ्या कोणत्याच रंगावर दिसत नाहीं, आणि जेथें गिरण्यांच्या धुराड्यांतून कोंड्याची राख रात्रंदिवस उडत असते तेथें सकाळीं पुसलेली मोटार दुपारीं पुन्हा करडी होते. (गिरणी त्याचीच, तेव्हां तक्रार कोणाकडे करावयाची हाहि प्रश्नच!) सरकारी नियमानें गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद, म्हणजे पसरट, असावयास पाहिजे. आमच्या गांवोगांवचे गतिरोधक हे नियम वाचून बांधलेले नसून, मागल्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशीं चिडलेल्या लोकांनीं रातोरात घातलेले असतात. त्यांस रुंदी नसते, उंचीच असते. अर्धी वीत उंचीची मोटार त्यांवरून कशी जाणार? पोट घांसल्यावर दुरुस्ती नागपुरास नव्हे, बहुधा मुंबईसच. हें सारें खरें आहे. पण हौसेला मोल नसतें, आणि ज्याला परवडतें त्यानें सोसावें. या कारणांसाठीं मी एक शब्दहि लिहिला नसता. यांत तोटा झाला तर मालकाचा.

कामठ्यास डामडौल नवा नाहीं, हेंहि त्यानें मला ऐकविलें. खरें आहे. कामठा ही जुनी जमीनदारी. १८१८ सालीं येथील चिमणा पटेलानें आप्पासाहेब भोसल्यांच्या पक्षानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेस हें ठाणें लढून घ्यावें लागलें. अशा ठिकाणीं घोडे असणार, पालख्या असणार, आणि रयतेनें बाजूस सरून मुजरेहि केलेले असणार. "त्या वेळीं कोणी लेख लिहिले नाहींत," असें माझा विद्यार्थी म्हणतो. मी जुन्या काळाचा गौरव करीत नाहीं. त्या काळीं वेठ होती, सारा होता, आणि लेख लिहिणाराची पाठ शाबूत राहण्याची हमी नव्हती. पण त्याच काळांत ह्याच मुलखांत कोलू पटेल कोहळी या गृहस्थानें नवेगांवचा बांध घातला. अठराव्या शतकांतला तो तलाव आजहि पाणी देतो. या जिल्ह्यांतील 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हीहि त्याच परंपरेचीच बाकी. त्या मोठ्या माणसांसहि मिरवावयाचें होतेंच. पण त्यांच्या मिरविण्याची कांहीं ओल दुसऱ्याच्या शेतापर्यंत पोंचे.

येथें तो मला अडवील, आणि अडविण्याचा त्याला हक्क आहे. "मग मीं काय तलाव खोदूं? गिरणींत इतके हात राबतात तें कांहींच नाहीं काय? आणि गुरुजी, तुम्हीं तरी पेन्शनींतून किती विहिरी बांधल्या?" एकहि नाहीं. म्हणून तोहि मुद्दा मी सोडून देतों. पैशाचें काय करावें हें सांगावयास मी बसलों नाहीं. माझें भांडण त्याच्या पैशाशीं नाहीं, रंगाशीं नाहीं, आणि मोटार घरांत उभी असेपर्यंत मोटारीशींहि नाहीं. माझें भांडण फाटकाच्या बाहेर सुरू होतें.

कामठ्याहून गोंदियाकडे जाणारा रस्ता वाचकांनीं पाहिला नसेल. त्याचें थोडें वर्णन करतों. बाजूस धानाच्या बांध्या. जवळच बिरसीची धांवपट्टी. ती इंग्रजांनीं १९४० सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत बांधली, आणि आतां तेथें वैमानिक शिकतात. त्यामुळें सकाळीं शेतांत बाई वांकलेली आणि डोक्यावर शिकाऊ विमान घिरट्या घालतांना दिसतें. रस्त्यावरून कोण जातें? शाळेच्या मुली सायकलींवर, तिघी-तिघी ओळीनें, बोलत. विड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतलेल्या बाया. शेळ्या. ट्रॅक्टर, ज्याच्या मागें दिवा नाहीं. आणि कार्तिकापासून पुढें महिना-दीड महिना रस्त्याच्या अर्ध्या अंगावर पसरलेलें धान.

डांबरावर धान वाळविणें कायद्यास धरून नाहीं, हें मला ठाऊक आहे, आणि दुचाकीस्वार त्यावरून घसरतात हेंहि ठाऊक आहे. पण तें तेथें कां येतें हें पाहा. आधारभूत किमतीनें खरेदी करणाऱ्या केंद्रावर सतरा टक्क्यांहून अधिक ओलाव्याचें धान घेत नाहींत. कार्तिकांत अवेळीं पावसाची एक सर आली कीं ओलावा वाढतो; लहान शेतकऱ्यास फरशीचें खळें नाहीं, अंगण शेणाचें, तें ओलें. तापणारी, कोरडी, सपाट जागा एकच, आणि ती म्हणजे सरकारनें बांधलेला रस्ता. म्हणून तो रात्रभर राखण करीत तेथें बसतो. मग तें धान केंद्रावर जातें, केंद्रावरून भरडाईस गिरणींत जातें, आणि क्विंटलामागें सदुसष्ट किलो तांदूळ होऊन सरकारास परत जातें. गिरणी कोणाची? माझ्या विद्यार्थ्याची, आणि त्याच्यासारख्या इतरांची. ज्या धानाच्या राशीस वळसा घालून ही काळी मोटार जावयाची, त्याच राशींतून ती निघालेली आहे! हें मी त्याला हिणवावयास म्हणत नाहीं. गिरणी नसती तर त्या धानाचा भात झालाच नसता. परंतु हा संबंध त्याच्या ध्यानांतून सुटला आहे असें मला त्या दिवशीं वाटलें.

तीन वर्षांपूर्वींची एक संध्याकाळ मीं पाहिलेली आहे. मी सायकलीवरून परत येत होतों. एक म्हातारी खराट्यानें धान ओढून रास करीत होती. मागून एक मोटार आली. कोणाची, कोठची, मला ठाऊक नाहीं, फक्त तिचा आवाज आधीं कानांवर आला आणि मग वारा. म्हातारी रास सोडून उभ्या उभ्याच मागें सरली आणि नालींत पडली. तिला फारसें लागलें नाहीं. मोटार थांबली नाहीं. बहुधा आंतल्या मनुष्यास कांहीं झाल्याचें कळलेंहि नसेल. मीं तिला हात देऊन उठविलें, तेव्हां ती मोटारवाल्यास एक शब्दहि बोलली नाहीं. ती म्हणाली, "माझंच चुकलं बाप्पा, रस्ता तं गाडीवाल्याइचा आहे." तें वाक्य मला अजून टोंचतें. तिच्या कपाळावर खरचटलें होतें, आणि क्षमा तीच मागत होती.

गणित सोपें आहे. माझ्या विद्यार्थ्यास तें मींच शिकविलें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर जाते. दीडशें वेगाची बेचाळीस मीटर. संकट दिसल्यापासून पाय दाबला जाईपर्यंत सरासरी एक सेकंद तरी जातोच. पुढें वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. म्हातारीस नालींत उडी टाकावयास किती वेळ मिळावा, हें मोटारवाल्यानें ठरवावयाचें! २०२२ सालीं हिंदुस्थानच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि सरकारी अहवालाप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या अपघातांत झाले. यांत स्पोर्ट्स कारांचा वांटा नगण्य असेल, हें मी आपण होऊनच कबूल करतों. ट्रक, बसा व दुचाक्या यांचाच तो मुख्य हिशेब. पण बाकीचीं वाहनें वेगाचा गैरवापर करतात, आणि ही मोटार वेगाकरितांच विकत घेतली जाते, हा भेद लहान नाहीं.

"मी हळू चालवीन," असें तो म्हणेल. म्हणालाहि. मग मी विचारतों, हळू चालवावयाची तर घेतोस कशाला? मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग हा आपल्या राज्यांतला सर्वांत मोकळा रस्ता. लांबी ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्यें तो पुरा खुला झाला. तेथेंहि कायद्याची मर्यादा ताशीं एकशें वीस. ह्या मोटारीची धांव तीनशेंच्या आसपास. म्हणजे उत्तमांतल्या उत्तम रस्त्यावर कायदा पाळणाऱ्या मालकानें मोजलेल्या किमतीच्या पांच हिश्शांपैकीं तीन हिस्से जन्मभर झांकून ठेवावयाचे. असा संयमी पुरुष ती मोटार घेत नाहीं. घेतो तो तो संयम एखाद्या रात्रीं सैल सोडण्याच्या इराद्यानेंच घेतो. मला सांगावें, यांत तिसरी वाट कोणती? एक तर हौस खोटी, नाहीं तर वचन खोटें.

ती रात्र कशी असते तें पुण्यानें पाहिलें. १९ मे २०२४ च्या पहांटे कल्याणीनगरांत एका पोर्शे मोटारीनें दोघां तरुण अभियंत्यांना, एक तरुण व एक तरुणी, दुचाकीवरून उडविलें. दोघेंहि मध्य प्रदेशाचीं, दोघेंहि चोवीस वर्षांचीं, दोघेंहि मेलीं. चाकावर अल्पवयीन मुलगा होता. त्या मोटारीची कायम नोंदणीहि झालेली नव्हती, आणि अडली होती ती १,७५८ रुपये फी न भरल्यामुळें! कोट्यवधींच्या वस्तूस एवढी रक्कम जड झाली. पुढें बाल न्याय मंडळानें कांहीं तासांतच जामीन दिला, आणि अटींत एक अट अशी घातली कीं मुलानें अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहावा. देशभर ओरड झाल्यावर हुकूम फिरविण्यांत आला. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. मोटारीचा रंग कोणता होता हें येथें गौण आहे. मी जन्मभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. मराठी निबंधाची एवढी विटंबना मीं कधीं ऐकली नव्हती. त्या प्रकरणांत एक जुनाच नियम उघडा पडला: मोटार जितकी महाग, तितकी तिच्यामागें उभी राहणारी माणसें अधिक. म्हातारीच्या मागें मी एकटा होतों, आणि तोहि सायकलीवर.

सरकार या बाबतींत कोणाच्या बाजूस आहे? पेट्रोलवर चालणाऱ्या घरगुती मोटारीवर महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंत अकरा टक्के, वीस लाखांपर्यंत बारा, आणि त्यावर तेरा टक्के कर आहे. येथपर्यंत न्याय दिसतो. पण ह्या कराला एक कमाल रक्कम ठरलेली आहे. ती पूर्वीं वीस लाख होती, १ जुलै २०२५ पासून तीस लाख झाली. म्हणजे नऊ लाखांची मोटार कर्ज काढून घेणारा मास्तर नव्व्याण्णव हजार, किमतीच्या अकरा टक्के भरतो. आणि सहा कोटींची मोटार रोख घेणारा तीस लाख भरतो, म्हणजे पांच टक्के! ज्याची ऐपत मोठी त्याला सवलत, हा न्याय कोणत्या स्मृतींतला? इतकें असूनहि कर वांचविण्यासाठीं पुदुच्चेरीसारख्या ठिकाणीं नोंदणी करण्याची चाल धनिकांत पडलीच होती. जकातीचें उदाहरण तर सर्वांच्या ओळखीचें आहे. सचिन तेंडुलकरांस २००२ सालीं लाल फेरारी भेट मिळाली, २००३ सालीं तिच्यावरील जकात सरकारनें माफ केली, लोक संतापले, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि शेवटीं ती जकात मोटार देणाऱ्या कंपनीनेंच भरली. महाराष्ट्राचें ज्या माणसावर इतकें प्रेम, त्याच्याहि बाबतींत लोकांनीं रस्त्याचा हिशेब सोडला नाहीं, याचा मला अभिमान वाटतो. ती मोटारहि त्यांनीं २०११ सालीं सुरतेच्या एका व्यापाऱ्यास विकून टाकली.

वेगाची हौस वाईट, असें मात्र मी म्हणणार नाहीं. ती आमच्या मातींत आहे. झाडीपट्टींतला शंकरपट ज्यानें पाहिला नाहीं त्यानें मजशीं वेगावर वाद घालूं नये. बैलजोडी सुटली कीं हजारों माणसांचा श्वास एकदम थांबतो, माझाहि थांबतो. पण शंकरपट कोठें होतो? गांवाबाहेर, आंखलेल्या मैदानांत. बाजाराच्या वाटेवर, पाणी भरून येणाऱ्या बायांमधून जोडी सोडण्याचें कोणा शेतकऱ्याच्या मनांतहि येत नाहीं. आलें तर गांव त्याला जागच्या जागीं समजावील. आणि त्या मैदानांतल्या खेळालाहि काय काय सोसावें लागलें! २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बंद केला, २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें ती कायम केली. आणि आजहि पट भरवावयाचा तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे, बैलांची पशुवैद्याकडून तपासणी पाहिजे. बैलास इजा होऊं नये म्हणून ही काळजी योग्यच आहे. फक्त माझी एवढीच विचारणा आहे कीं जी काळजी बैलाच्या शेपटीची होते ती म्हातारीच्या कपाळाची कां होऊं नये? तीनशेंच्या धांवेची मोटार शेळ्यांच्या रस्त्यावर आणावयास कोणाची मंजुरी लागत नाहीं; पैसे लागतात.

मैदानें मोटारींसाठींहि आहेत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथें आहे, कोइमतूरला आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडास २०११ सालीं बांधलेलें आहे. तेथें जा, शिरस्त्राण घाल, आणि तीनशेंनें धांव. मी तुझें नांव वर्तमानपत्रांत शोधीन. किंवा गिरणीवाल्यांनो, तुम्ही सारे मिळून ह्या जिल्ह्यांतच एखादें आंखलेलें मैदान कां करीत नाहीं? तांदळाच्या जिल्ह्यांत मोटारींचा पट भरला तर मी पहिल्या रांगेंत बसेन. पण कामठ्याच्या रस्त्यावर ती मोटार आणणें म्हणजे सर्वांच्या मालकीच्या वस्तूवर एकट्याच्या हौसेचा कबजा होय, आणि "पैसा माझा" हें त्याचें उत्तर होऊं शकत नाहीं, कारण रस्ता त्याच्या पैशाचा नाहीं. कांठावरून चालणाऱ्या मुलींचा जीवहि त्याच्या पैशाचा नाहीं.

हें सारें लिहून झाल्यावर मीं त्याला छापण्यापूर्वीं वाचून दाखविलें. गुरूनें शिष्याच्या पाठीमागें लिहूं नये, असा माझा नियम आहे. त्यानें शांतपणें ऐकलें. मास्तरच्या नऊ लाखांच्या हिशेबावर तो हंसला. धानाच्या मजकुरावर हंसला नाहीं. शेवटीं म्हणाला, "मोटार मीं सांगून ठेविली आहे गुरुजी. आतां माघार घेतली तर इसार बुडतो." किती बुडतो तें त्यानें सांगितलें, आणि तो आंकडा माझ्या दोन वर्षांच्या पेन्शनीएवढा होता. मग निघतांना त्यानें मला पहिल्या फेरीस बसण्याचें आमंत्रण दिलें. मी येतों म्हणालों. विचारलें, मोटार केव्हां येणार? तो म्हणाला, दिवाळीनंतर. मीं त्याला सांगितलें कीं तेव्हां नको. तेव्हां रस्त्यावर धान असतें. त्यानें चित्र घडी करून खिशांत घातलें आणि म्हणाला, "मग केव्हां?"